कार्मेल की मेंडोसिनो?

आई-बाबा भारतातून आलेत, लाँग वीकेंड हाताशी आहे आणि त्यांना पॅसिफिकच्या काठचं एखादं छोटं गाव दाखवायचंय. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या मराठी घरात अशा वेळी दोन नावं निघतात: दक्षिणेला कार्मेल, उत्तरेला मेंडोसिनो.

आधी रस्ता, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. सॅन होजेहून कार्मेल दीड तासावर. मेंडोसिनोला सॅन फ्रान्सिस्कोहूनच साडेतीन तास लागतात, त्यात हायवे १२८ ची वळणं. नवारो नदीकाठी रेडवुडच्या उंच झाडांच्या सावलीतून जाणारा पट्टा अप्रतिम आहे. पण आंबा घाटात ज्यांच्या पोटात ढवळतं, ते तो डोळे मिटूनच पार करतील. आल्याच्या वड्या जवळ असू द्या.

कार्मेल नटलेलं गाव. १९१६ मध्ये नगरपालिका झाली, तरी स्वतःला खेडंच म्हणवतं. दोन इंचांहून उंच टाचांना १९६३ पासून परवाना लागतो, कारण उंचसखल फरसबंदीवर कुणी पडलं तर दावा गावावर येणार! गॅलऱ्या भरपूर, दर चढे, शनिवारी पार्किंगची बोंब. पण पांढऱ्या वाळूपर्यंत उतरणारा सरळ रस्ता आहे, जवळ पॉइंट लोबोसचं समुद्रकाठचं राखीव निसर्गक्षेत्र आहे आणि मुलांसाठी मॉन्टेरेचं मत्स्यालय.

मेंडोसिनोत हजारभरसुद्धा वस्ती नाही, नगरपालिकाही नाही. १८५० च्या दशकात लाकूडधंद्यासाठी आलेल्यांनी अमेरिकेच्या ईशान्येकडल्या न्यू इंग्लंडसारखी लाकडी घरं बांधली, ती अजून उभी आहेत. मधूनमधून उंच लाकडी मनोऱ्यांवर पाण्याच्या टाक्या दिसतात, कारण गाव विहिरींवर जगतं. २०२१ च्या दुष्काळात तर टँकर मागवावे लागले. कॅलिफोर्नियात टँकर! बाबांना हे सांगा, गाव लगेच ओळखीचं वाटेल. गावाभोवती कड्यांवरची मोकळी पायवाट, डिसेंबर ते एप्रिल लांबवर देवमाशांचे फवारे, आणि बाकी करण्यासारखं फारसं काही नाही. मला हेच आवडतं.

डुंबायचा बेत दोन्हीकडे सोडा. कोकणासारखं निवांत पाण्यात बसता येत नाही. पाणी बर्फगार आणि लाटा दगाबाज.

आई-बाबा आणि लहान मुलं असतील तर मी डोळे झाकून कार्मेल म्हणेन. सकाळी जाऊन रात्री परतही येता येतं. मेंडोसिनोला दोन रात्री काढता येत असतील तरच निघा. आणि कार्मेलला मुक्काम ठरलाच तर टॉर्च घ्या, तिथल्या गल्ल्यांत रस्त्यावर दिवे नाहीत.