टू-स्ट्रोक गाडीच्या इंजिनचं पोर्टिंग (सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट, म्हणजे गॅस ये-जा करायची भोकं, घासून मोठी करणं) करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

काम एक नंबर झालंय, पण का ते नीट सांगतो, कारण बरेच जण पोर्टच्या आतली चकाकी बघूनच खूश होतात आणि नुसत्या चकाकीने पॉवर काही फारशी वाढत नाही.

मी आख्खं इंजिनच दिलं होतं. ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी पोर्टिंगवाल्याने क्रॅंकला डिग्री व्हील (अंश मोजायची चकती) लावून एक्झॉस्ट (जळलेला गॅस बाहेर जायचा पोर्ट) आणि ट्रान्सफर (ताजं मिक्श्चर आत यायचे पोर्ट) किती अंशांना उघडतात ते मोजलं, मग बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) आत कागद चिकटवून त्यावर पेन्सिल घासली, सगळ्या पोर्टचा छाप घेतला आणि कुठे किती घासायचं त्याच्या खुणा त्याच्यावरच केल्या. तो कागद मला सिलिंडरसोबत परत पण दिला, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) ५० मिमीच्या आसपास असेल ना तर एक्झॉस्टची वरची कड १ मिमी वर नेली की ड्युरेशन (पोर्ट किती अंश उघडा राहतो ते) साधारण ४-५ अंशांनी वाढतं, मग गाडी वरच्या आरपीएमला भारी खेचते पण खालचा दम जातो कारण पोर्ट उशिरा बंद होतो आणि कॉम्प्रेशनला स्ट्रोक कमी उरतो. मला रोज चालवायला गाडी हवी होती म्हणून त्याने उंची अगदी थोडी वाढवली आणि जास्त काम रुंदीत केलं, ती पण बोअरच्या ७० टक्क्यांच्या आतच, कारण मधे ब्रिज (उभी पट्टी) नसलेला पोर्ट त्याहून रुंद केला तर पिस्टनची रिंग पोर्टमध्ये फुगते आणि कडेला अडकून तुटते.

कडा तर बघाच! पोर्टच्या वरच्या-खालच्या कडेवरून नख फिरवलं तरी कुठे धार लागत नाही, सगळीकडे बारीक चॅम्फर (तिरका उतार) मारलाय. घाईत काम करणारे नेमकं हेच सोडतात आणि नंतर रिंग खराब झाली की पिस्टनला दोष देतात.

तक्रार दोनच. सांगितलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर केला आणि जेटिंगबद्दल (कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणारे जेट बदलण्याबद्दल) काहीच बोलला नाही, मेन जेट मोठा टाकायला लागेल हे त्याने स्वतःहून सांगायला हवं होतं, मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) राहिलं की पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही.

आणि सायलेन्सर स्टॉकच ठेवणार असाल तर एक्झॉस्ट जास्त वर न्यायला सांगू नका, सायलेन्सरचा चेंबर (फुगीर भाग) त्या टायमिंगला जुळणारा नसेल तर वरची पॉवर मिळत नाही आणि खालची पण जाते.