रुंगकुट, सुराबाया: तीन वर्षं भाड्यानं राहिल्यावरचा हिशेब

नागपूरला परत येऊन आठ महिने झाले, तरी मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी लिफ्टमध्ये गाठतंच. "मॅडम, तिकडं घर घेऊन टाकलं असेल ना?" माझे धाकटे दीर बेसा-पिपळ्याकडं प्लॉटची कामं करतात, त्यांचा प्रश्न आणखी थेट. "वहिनी, तीन वर्सं राह्यले तुम्ही तिकडं, एखादा प्लॉट-गिट पाह्यला का नाही?" आपल्या नागपूरच्या माणसाला समुद्र दाखवला तरी तो आधी विचारेल, लेआऊट मंजूर आहे का.

तर एकदाच लिहून टाकते. राहायला पाचापैकी साडेचार तारे. विकत घ्यायला आपल्यासारख्यांनी नादीच लागू नये. मी अकाउंट्सवाली आहे, त्यामुळे दुसऱ्या भागात जरा रमेन, सांभाळून घ्या.

सुराबाया हे इंडोनेशियाचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, पूर्व जावाची राजधानी. लोकवस्ती तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आकारानं आपल्याच गटातलं. रुंगकुट त्याच्या आग्नेय टोकाला. एका बाजूला 1974 मध्ये सुरू झालेली औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला समुद्राकडं जाणारं खारफुटीचं जंगल, आणि मध्ये घरंच घरं. ह्यांची बदली बुटीबोरीहून त्या वसाहतीतल्या कारखान्यात झाली आणि आम्ही 2021 च्या शेवटी तिथं पोचलो. कंपनीतले लोक म्हणाले, भारतीय पश्चिमेच्या मोठ्या टाउनशिपमध्ये राहतात, तिकडं बघा. ह्यांना रोज दोन तास गाडीत बसायचं नव्हतं. आम्ही रुंगकुटच धरलं. तीन वर्षांत घेतलेल्या निर्णयांतला हा सगळ्यात शहाणा.

घर दोन मजली, तीन खोल्या, वर कौलं, समोर एक गाडी मावेल एवढा पोर्च. भाडं वर्षाला 42 जुता. एक जुता म्हणजे दहा लाख रुपिया. आपले तेव्हा साधारण सव्वादोन लाख रुपये झाले. पण महिन्याचा हिशेब तिथं नाहीच, अख्ख्या वर्षाचं भाडं चावी घेतानाच मोजायचं. हे आधी माहीत असतं तर पहिल्या आठवड्यात धावपळ झाली नसती.

आणखी एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही. घराच्या जाहिरातीत खोल्या, मजले, जमीन यांच्या शेवटी एक आकडा असतो: 1300 किंवा 2200. ती घराच्या वीजजोडणीची मर्यादा, व्हीएमध्ये (व्होल्ट-अँपिअर), म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येते ते. आमचं घर 1300 वालं. पहिल्याच रविवारी एसी चालू ठेवून मी चटणीसाठी मिक्सर लावला. खट्ट. सगळं बंद. भिंतीपलीकडून शेजारच्या बू (तिथं बाईमाणसाला बू म्हणतात) हसत ओरडल्या, "न्जेग्लेक, बू?" मी शिकलेला पहिला जावानीज शब्द हा. फ्यूज उडण्यासाठी त्यांच्याकडं खास क्रियापद आहे, यावरूनच काय ते समजा. त्यानंतर तीन वर्षं मिक्सर लावायच्या आधी मी "एसी बंद करा हो" अशी हाळी देत आले. वीज प्रीपेड. वीस आकडी टोकन मीटरवर दाबायचं, आणि शिल्लक संपत आली की मीटर टिटवीसारखा ओरडत राहतो. शक्यतो रात्री दोनला. 2200 चं घर बघा, भाडं थोडं जास्त गेलं तरी.

पाणी नळाला येतं, पण पिण्यासाठी एकोणीस लिटरचा गॅलन दारात येतो. उन्हाळा नावाचा प्रकार नाही. म्हणजे बाराही महिने उन्हाळा आहे, फक्त आपला मे नाही. बत्तीस-चौतीसच्या पुढं पारा फारसा जात नाही, मात्र हवा ओली चिप्प. आमच्या सासूबाई फोनवर म्हणायच्या, कूलर घेऊन टाका एक. आई, तिथं कूलर लावला तर भिंतींना शेवाळ येईल.

आता गल्लीबद्दल, कारण साडेचारातले तीन तारे गल्लीचे आहेत.

गल्लीच्या तोंडाशी कमान असते, तिला म्हणतात गापुरा. आपलं गोपुर. आत शिरलं की पाटी: पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहणार असेल तर कळवणं बंधनकारक. कळवायचं कोणाला, तर गल्लीच्या प्रमुखाला, पाक एर-तेंना (पाक म्हणजे साहेब). एर-ते म्हणजे काही घरांचा गट, असे अनेक गट मिळून एर-वे. नगरसेवकाच्या मागं फिरायची गरजच पडत नाही, नालीत कचरा अडकला की एर-तेंच्या घरी जायचं. ते लुंगीत बाहेर येतात आणि रविवारी सकाळी सगळ्यांना फावडी घेऊन बोलावतात. या श्रमदानाचं नाव केर्जा बाक्ती. कार्य आणि भक्ती! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नालीत उतरलेल्या लोकांकडं जरा वेगळ्या आदरानं पाहिलं. मग आमच्याही हातात झाडू आला आणि आदर वास्तवावर आला. रात्री दहानंतर गल्लीचा आडवा दांडा बंद, चौकीदार ओळखून सोडतो. डेंग्यूच्या अळ्या तपासायला एक ताई टॉर्च घेऊन थेट न्हाणीघरात शिरायच्या, चप्पल मात्र बाहेर काढून.

आणि भिशी. तिथं तिला आरिसान म्हणतात. महिन्यातून एकदा, वीस बायका, प्रत्येकीचे एक लाख रुपिया. घाबरू नका, आपले पाचशे-साडेपाचशे. जमा करणारीला बेंदाहारा म्हणतात, म्हणजे भांडारवाली. सरबताच्या नळीचे बोटभर तुकडे केलेले, प्रत्येकात नावाची चिठ्ठी सुरळी करून खुपसलेली. ते सगळे एका काचेच्या ग्लासात. ग्लासाच्या तोंडावर जाड कागद रबरानं आवळलेला आणि त्याला एकच भोक. बेंदाहारा बू ग्लास उलटा करून खुळखुळवत राहायच्या, बायका ओरडत राहायच्या, आणि एक नळी टपकन चटईवर पडायची. धरमपेठच्या माझ्या भिशीत आता मोबाइलवरून नाव निघतं. कोणी ओरडत नाही.

सोबत खायला क्लेपॉन: तांदळाच्या पिठीची हिरवी गोळी, वर खोबऱ्याचा कीस, आत गूळ. चावलं की गूळ फुटतो. उकडीच्या मोदकाचा लहान भाऊच. मात्र शाकाहाऱ्यांनो, दुसरीकडं सावध. संध्याकाळी गाडीवाला कात्री वाजवत येतो, टेक-टेक, म्हणून त्या पदार्थाचं नाव ताहू टेक. सोयाबीनचं पनीर, बटाटा, शेंगदाण्याची चटणी. सगळं आपलं वाटतं. त्या चटणीत पेतिस नावाचा कोळंबीचा काळा अर्क असतो, हे मला तीन प्लेटी खाऊन झाल्यावर कळलं. "तानपा पेतिस" एवढे दोन शब्द पाठ करून जा, पेतिसशिवाय. पेचेल मात्र बिनधास्त: उकडलेला पाला आणि त्यावर शेंगदाण्याची झणझणीत चटणी. तरीही विचारूनच खा.

भाषेचं सांगायचं तर सुराबायाचे लोक जावात फटकळ म्हणून ओळखले जातात. वाक्यागणिक "रेक" लावतात, जसं आपण "बे" लावतो. त्यामुळं आम्हाला लगेच घरच्यासारखं वाटलं.

अर्धा तारा कापला तो पाण्यामुळं. पूर्व सुराबाया सखल आहे, समुद्र जवळ. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. नाल्या भरल्या की रस्त्यावर पोटरीएवढं पाणी. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो आणि जुनी घरं खाली राहतात. आमच्या समोरच्या घरात शिरायला दोन पायऱ्या उतरावं लागे. हे नागपूरकराला समजवायला नको. आपल्या सिमेंट रोडनी किती घरांचे उंबरठे खाली घातले ते बघतोच आहोत, आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी कुठवर आलं तेही. त्या दिवशी मी सुराबायातून मावशीला फोन लावत होते. ती गच्चीवर होती आणि म्हणत होती, तुझ्याकडं पूर येतो ना गं, सांभाळून राहा.

आता गुंतवणूक.

एका इस्टेट एजंटनं (नाव कशाला घ्यायचं) आम्हाला गाठलं. कॉर्नर प्लॉट होता. तिथं कॉर्नरला हुक म्हणतात आणि आपल्यासारखाच त्याचा भाव जास्त. घर 1.3 अब्ज रुपिया, आपले अंदाजे सत्तर लाख. पाटीवर मोठ्या अक्षरांत "एस-हा-एम". हे तिथलं आरएल समजा (आपल्या नागपुरातलं प्लॉटचं रिलीज लेटर), किंवा त्याहून वरचं: पूर्ण मालकी, हाक मिलिक. हक्क आणि मिळकत, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे, त्यामुळं ऐकताना फारच आश्वासक वाटतं. मी विचारलं, आम्हाला मिळेल? तो म्हणाला, "मिळेल बू, पिंजाम नामा." म्हणजे नाव उसनं घ्यायचं. कागदावर ड्रायव्हरचं किंवा ओळखीच्या माणसाचं नाव, पैसे तुमचे, बाजूला एक करारनामा.

त्या रात्री मी वाचत बसले. 1960 चा त्यांचा जमीन कायदा, क्रमांक 5. कलम 21 म्हणतं, हाक मिलिक फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. कलम 26 म्हणतं, परक्याकडं सरळ किंवा आडवाटेनं हा हक्क सरकवायचा व्यवहार मुळातच रद्दबातल, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे मागता येत नाहीत. उसन्या नावाच्या धंद्याची आडवाट कायदा करणाऱ्यांनी साठ वर्षांपूर्वीच ओळखून ठेवलेली. सकाळी एजंटला हे दाखवलं तर तो हसून म्हणाला, सगळे करतात. हे वाक्य मी बेसा रोडवरही ऐकलंय.

सरळ वाट आहे, नाही असं नाही. राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क मिळतो. 2021 च्या नियमांनुसार आधी 30 वर्षं, मग 20 वाढवून, मग आणखी 30. फ्लॅटची वाट 2020 च्या कायद्यानंतर थोडी रुंद झाली. पण परदेशी माणसासाठी किमान किंमत ठरलेली आहे, प्रांताप्रांताला वेगळी, अब्जांच्या भाषेत. रुंगकुटमधलं मध्यमवर्गीय घर त्यात बसतच नाही. ज्या घरात राहायला आवडेल ते घेता येत नाही, आणि जे घेता येतं तिथं ही गल्ली नाही.

घेता आलं असतं तरी मी घेतलं नसतं. 1.3 अब्जाच्या घराला वर्षाचं भाडं 42 जुता, म्हणजे सव्वातीन टक्के. त्यातून डागडुजी, आणि घेतानाच खरेदीदाराचा पाच टक्क्यांपर्यंतचा कर. विकताना विकणाऱ्याचा अडीच टक्के. इकडून पैसे न्यायचे तर रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आपल्याला पुरून उरेल, पण परत आल्यावर दरवर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरत बसा. आपल्या बँकेची मुदत ठेव बरी, तिला कौलं शाकारावी लागत नाहीत.

येण्याआधी शेवटच्या महिन्यात दक्षिणेला पोरोंगला जाऊन आलो, सिदोआर्जो जिल्ह्यात. याच जिल्ह्यात लक्ष्मी मित्तल यांनी 1976 मध्ये आपला पहिला पोलाद कारखाना काढला होता. ह्यांना तिकडं जायचं होतं, मला चिखल बघायचा होता. 29 मे 2006 ला पोरोंगमध्ये जमिनीतून गरम चिखल उसळायला लागला, तो इतक्या वर्षांनंतरही थांबलेला नाही. वायूसाठी चाललेल्या खोदकामानं झालं की दोन दिवस आधीच्या योग्याकार्ताच्या भूकंपानं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. बांधावर चढलं की नजर जाईल तिथवर राखाडी सपाटी आणि लांबवर वाफ. खाली गावंच्या गावं आहेत. त्यातल्या कित्येकांकडं चोख हाक मिलिक असणार. ह्यांनी चपलेनं बांधाचं ढेकूळ उडवलं आणि म्हणाले, "आपला सातबारा बरा." मी काही बोलले नाही. सातबारा चिखल अडवत नाही.

दिरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग वहिनी, बेसाचाच पाहू. कॉर्नर हाय." मी म्हटलं, हुक. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही, आरएल आहे का सांगा आधी. तेव्हापासून दोन आठवडे फोन नाही.

बदलीवर कोणी जाणार असेल तर घर जानेवारीत बघा, पाऊस चालू असताना. गल्लीत उभं राहून आधी उंबरठा रस्त्याच्या वर आहे की खाली ते पाहा, मग मीटरवरचा आकडा. आणि गाठायला मिळाल्या तर शेजारच्या बूंना, एजंटच्या आधी.