बर्फातला 'स्फटिक' : १६,७०० रुपये पाण्यात

लाज वाटते म्हणून महिनाभर लिहिलं नव्हतं. तीस वर्षं बँकेत कॅशवर बसलो, खोटी नोट बोटाला लागताच कळायची. आणि फसलो कशाला, तर काचेच्या गोळ्याला.

मुलीच्या वास्तुशांतीला द्यायला कर्वे रस्त्यावरच्या एका प्रदर्शनातून ७ सेंटिमीटरचा स्फटिकाचा गोळा घेतला, १४,५०० ला. वर हिला जपमाळ, २,२००. एकूण १६,७००, यूपीआयने. सोबत 'सर्टिफिकेट'. कसलं, ते कळलंच असेल.

खरा स्फटिक हाताला गार लागतो, काचेपेक्षा भराभर उष्णता ओढतो, हे मला माहीत होतं. म्हणून तर हातात घेऊन पाहिला. गारेगार! प्रत्येक गोळा विक्रेता टेबलाखालून काढायचा आणि नॅपकिनने पुसून द्यायचा. अहो, कोरड्या दगडाला पुसायचं कशाला? बर्फाचा थर्माकोलचा खोका माझ्या पायाला लागत होता, नॅपकिन चिंब होता, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. गोळा चांगला तासभर बाहेर ठेवायला लावा, मग हात लावा.

वर म्हणे, "काका, हिमालयात बर्फ हजारो वर्षं गोठून स्फटिक होतो." थाप आहे हे कळत होतं. स्फटिक म्हणजे गारगोटीच, आणि गारगोटी म्हणजे सिलिका, वाळूत असते तीच. पाण्यात विरघळून खडकाच्या पोकळीत झिरपते आणि सावकाश सहा बाजूंचा खडा वाढतो. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही सापडतात. पण म्हटलं, विकणारा बोलणारच.

घरी तासाभरात गोळा कोमट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४४९ ग्रॅम. खरा ४७६ च्या आसपास भरला असता. भिंगातून पाहिलं तर आत गोल गरगरीत बुडबुडा. लॅबने ७०० रुपये घेऊन लिहून दिलं : काच. माळ तपासायची हिंमतच झाली नाही.

चौकीत ऐकवलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी हद्द त्यांची नाही. ज्यांची हद्द, त्यांनी बिल मागितलं. बिलावर 'पूजा साहित्य, २ नग'. हॉलवाला म्हणतो, आम्ही फक्त जागा देतो. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का!

बिलावर 'नैसर्गिक स्फटिक' लिहून देत नसेल तर उठा. गोळा कागदावरच्या केसावर ठेवून फिरवा; खऱ्यातून केस दुहेरी दिसतो, काचेतून कधीच नाही. केस फुकट मिळतो, माझ्यासारख्या टकल्यालाही.

आणि असला गोळा खिडकीत ठेवू नका. परवा उन्हाने टेबलक्लॉथला भोक पाडलं. त्याचे २५० वेगळे.