पीपीएलचे नऊ महिने: तीन इन्स्ट्रक्टर आणि एक मीटर

पीपीएल म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना, त्यासाठी मी विमान शिकतोय. गेल्या आठवड्यात बिलावरून फ्लाइंग स्कूलशी पुन्हा वाजलं, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं. नऊ महिने, ५४ तास, सोलो (एकट्याने उड्डाण) झालं, चेकराइड (शेवटची उड्डाण परीक्षा) बाकी. मेडिकल आधी करा, लेखी परीक्षा लवकर उरका, हे सगळीकडे वाचायला मिळतंच. ते सोडून देतो.

शाळा निवडली ती ताशी दर बघून. चार ठिकाणी चौकशी केली, पण तास मोजता कशावर, हे एकालाही विचारलं नाही. शुद्ध गाढवपणा. सेसना १७२ मध्ये दोन मीटर असतात. आमच्यातला हॉब्ज इंजिनात तेलाचा दाब आला की पळायला लागतो, विमान उभं असो की उडत असो. टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. क्रूझला, म्हणजे वर सरळ उडताना, जवळपास घड्याळाबरोबर, पण टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवर जाताना, हजार आरपीएमला (मिनिटाला हजार फेऱ्या) निम्म्याहूनही हळू. आमची स्वस्त शाळा हॉब्जवर बिल लावते, आणि जिला मी महाग म्हणून नाकारलं ती टॅकवर, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं! तेव्हापासून दोन्ही आकडे वहीत लिहितो. हॉब्जवर ३८ तास झाले त्या काळात टॅक ३०.७ सरकला. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) पॉवर कमी केली की टॅक मागे पडतो, त्यामुळे सगळा फरक जमिनीवरचा नाही, मान्य. तरी होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीआधी थांबायच्या जागी, पुढे चार विमानं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिला इन्स्ट्रक्टर चांगला होता, पण एअरलाइनसाठी तास जमवत होता. बोलावणं आलं आणि मला १७ व्या तासाला सोडून गेला. त्याचा दोष नाही, पण अजून किती महिने आहात, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. दुसऱ्याने स्टॉल (पंखांची उचल संपणं) आणि स्टीप टर्न (तीव्र वळण) पुन्हा पहिल्यापासून करून घेतले. शिवाय त्याला इंजिन चालू ठेवून शिकवायची सवय. टेकऑफला नाक डावीकडे का ओढतं, हे त्याने रनअपच्या (टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीच्या) जागी १२ मिनिटं समजावलं. हॉब्जवर ०.२.

तिसरे सर वयस्कर. पहिल्या दिवशी त्यांनी मला विमानाजवळही नेलं नाही, ४० मिनिटं फळ्यापाशीच. वहीत मी लिहिलं, 'वेळकाढू'. तो शब्द नंतर खोडला, कारण किल्ली त्यांच्या खिशात होती आणि दोन्ही मीटर थंड.

माझं लँडिंग अडलं होतं. फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घेताना, एक तर विमान परत वर उचलायचं, नाही तर आपटायचं. आधीचे दोघे 'ओढ, ओढ' म्हणायचे. सरांनी मला उभ्या विमानात डाव्या सीटवर बसवलं, आणि मेकॅनिकला सोबत घेऊन मागून शेपटीकडचा भाग खाली दाबला. पुढचं चाक उचललं गेलं.

"काय दिसतं?"

"नुसतं नाक. क्षितिज गेलं."

"चाक टेकताना हेच दिसलं पाहिजे. डोळ्यांत ठेव."

पुढच्या उड्डाणात आठ सर्किट, त्यातली सहा लँडिंग धड. शाळा सोडायचा अर्ज मोबाइलमध्ये तयार होता, तो तसाच पडून आहे.

बाकी शाळा यथातथाच. दोन विमानं, त्यातलं एक कायम १०० तासांच्या तपासणीला. सगळे पैसे आगाऊ मागतात, मी दिले नाहीत.

आता परवाचं. रनअपला १८०० आरपीएमवर उजवा मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) तपासताना इंजिन थरथरलं, फेऱ्या २०० च्या वर पडल्या. परत पार्किंगला. स्पार्क प्लग काळा पडला होता. चाकं जमिनीवरून उचललीच नाहीत, तरी बिलात ०.४. काउंटरवरचं उत्तर, "इंजिन चालू होतं ना?" अहो, प्लग कोणाचा? सरांनी त्यांचे पैसे लावले नाहीत, शाळेने लावले. लेखी तक्रार दिली आहे. उत्तर येईपर्यंत वहीतली ती ओळ लाल शाईत.