एम.सी.आर. चप्पल, आठ महिने: सोलला दहापैकी नऊ, वेल्क्रोला शून्य

आज सकाळी उजव्या चपलेचा मागचा वेल्क्रोचा पट्टा तिसऱ्यांदा सुटला, म्हणून शेवटी लिहायला बसलोय.

एम.सी.आर. म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर; या मऊ रबराची चप्पल मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना देतात. माझी साखर 14 वर्षांची. तळव्याला मुंग्या, कापसावरून चालल्यासारखं वाटणं, आणि रात्री अशी आग की पायावर चादरही नको. स्पर्श कळतो का बघायला डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तो 10 ग्रॅमवाला नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला. दहा जागांपैकी चारच कळल्या. तरी मी जुनी अंगठ्याची चप्पल सोडली नव्हती. मग एक दिवस ती ठाणे स्टेशनच्या पुलावर पायातून निसटली आणि मी तसाच जिना उतरलो. मागून एक पोरगा ती हातात घेऊन धावत आला, "काका, तुमचीच ना?" तोवर मला पत्ताच नव्हता.

म्हणून हा मागचा पट्टा. आणि 1,450 रुपयांच्या चपलेत नेमका तोच भिकार.

पहिल्या महिन्यात मी या चपलेला नावं ठेवत होतो, कारण आग काही थांबेना. ती माझी चूक. चपलेने आग थांबत नाही, ती नसांतली आहे. तिच्यासाठी साखर आटोक्यात आणणं आणि गोळी. (गोळीने पहिल्या आठवड्यात लोकलमध्ये पेंगून दोनदा ठाण्याऐवजी पुढच्या कळव्याला पोचलो.) रक्तात बी-12 पण कमी निघालं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध घेतलं की तसं होऊ शकतं म्हणे. चपलेचं काम वेगळं: दाब तळव्यावर सारखा पसरवणं आणि जे आपल्याला कळत नाही ते पायापर्यंत पोचू न देणं. हे पटलं गणपतीत. रात्री सवयीने चप्पल उलटी केली तर मखराची ड्रॉइंग पिन बाहेरच्या सोलमध्ये पार रुतलेली. आतून बोट फिरवलं, टोक वर आलं नव्हतं. ती दिवसभर तिथे असणार.

आता वेल्क्रो. जुलैच्या चिखलाने त्याचे बारीक हुक भरले, टूथब्रशने घासले, दोन दिवस धरलं, पुन्हा चरचर करत सुटलं. दुकानदार म्हणतो, "वॉरंटी सोलची आहे, पट्ट्याची नाही." अहो, पट्टा नसेल तर सोल पायाखाली राहणार कसा?

ऑगस्टमध्ये डावा पट्टा स्टेशनजवळच्या एका मोच्याकडून बसवून घेतला, तर त्याने दोन बारीक खिळे ठोकले. डॉक्टर खवळले. बधिर पायाच्या चपलेत खिळा चालत नाही, टोक वर आलं तरी कळणार नाही. मग जांभळी नाक्याच्या मोच्याने खिळे उपसले, आरीने टोचून पट्टा शिवला, वेल्क्रो काढून बक्कल लावलं. 80 रुपये. अजून हललेलं नाही.

उजवीला तेव्हाच लावायला हवं होतं. पण ती धरत होती, कशाला उगाच 80 घालायचे, म्हणून राहिलं. बायको तेव्हाच म्हणाली होती, "पाय दोन आहेत तुम्हाला."

घरातल्या फरशीसाठी दुसरा जोड घेणारच आहे, याच दुकानातून. फक्त बक्कलांचे 160 किमतीतून आधीच वळते करून घेणार.