तामागोची घ्यायची की डिजिमॉन?

मुलांसाठी व्हर्च्युअल पेट, म्हणजे हातात मावणाऱ्या खेळण्यातला सांभाळायचा प्राणी, बघताय आणि या दोघांत अडकलात, तर आधी हे सांगते की दोन्ही एकाच घरातले आहेत. अकिहिरो योकोई आधी बांदाई या जपानी खेळण्यांच्या कंपनीत होते, तिथून बाहेर पडून त्यांनी १९८६ ला टोकियोत विझ नावाची खेळणी डिझाइन करणारी कंपनी काढली, आणि तामागोची विझ आणि बांदाई दोघांनी मिळून केली, बांदाईकडून अकी माइता होत्या. नोव्हेंबर १९९६ ला ती जपानमध्ये आली, आणि मुलींनी ती उचलून धरल्यावर मुलांसाठी म्हणून जून १९९७ ला डिजिमॉन आला. माझ्या मते ही मुलगा-मुलगीची वाटणी आज पूर्ण विसरायची.

दोघांना तीन बटणं, छोटासा काळा-पांढरा स्क्रीन, खायला घाला, शी साफ करा, झोपला की लाइट बंद करा, इथपर्यंत सगळं सेम. (मी मूळच्या मॉडेल्सबद्दल बोलतेय.)

फरक खरा नंतर आहे. तामागोचीत तुमचं वागणं बघितलं जातं, म्हणजे पोट भरलेलं असताना, खुश असताना पण ती उगाच हाक मारते तेव्हा लाड न करता रागवायचं असतं, आणि हे सगळं नीट जमलं तर मोठेपणी ‘मामेची’ नावाचं सगळ्यात चांगलं पात्र मिळतं. भाचीला दिली तेव्हा ती पहिले दोन दिवस नुसता खाऊ देत सुटली, मग तिचं तिलाच कळलं की भूक लागणं वेगळं आणि हट्ट वेगळा, मला ते बघून इतकं बरं वाटलं ना!

डिजिमॉनला ट्रेनिंग द्यायची, मांस खाऊ घालायचं, आणि दोन खेळणी वरून एकमेकांना चिकटवली की त्यांची लढाई होते, जखमी झाला तर मलमपट्टी पण करायची. चांगला सांभाळला तर अगुमॉन या लहान डिजिमॉनचा मोठा, ताकदवान ग्रेमॉन होतो, दुर्लक्ष केलं तर कमजोर नुमेमॉन. पण ग्रेमॉनच्या पुढे जायला लढाया जिंकाव्या लागतात आणि लढायला समोर दुसरा डिजिमॉन हवाच. म्हणून घरात दोघं भावंडं असतील किंवा बिल्डिंगमध्ये पक्का मित्र असेल तर सरळ डिजिमॉनची जोडी घ्या, एकटं मूल असेल तर तामागोचीच.

शाळेच्या वेळेचं काय, तर तामागोचीत घड्याळ लावायचा स्क्रीन उघडा ठेवला की ती तिथेच थांबते, दुपारी परत सुरू करायची.