ऑफिसचे दिवे: २३० व्होल्टवर की नेटवर्क केबलवर?

महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमध्ये नवं ऑफिस लावायला घेतलं की फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी हे ठरवावं लागतं. दिवे नेहमीसारखे २३० व्होल्टवर घ्यायचे, की नेटवर्क स्विचमधून (कॉम्प्युटर जोडणारा खोका, दिव्याचं बटण नव्हे) डेटा केबलवरच वीज घेणारे, म्हणजे पीओई?

आधी विजेच्या बिलाबद्दल. एलईडी दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे ‘कमी व्होल्टेज म्हणजे कमी बिल’ असं कोणी पटवत असेल तर ऐकू नका. स्विच स्वतः वीज खातो, केबलमध्येही थोडी जाते. खरी बचत रिकाम्या मीटिंग रूममधला दिवा आपोआप मालवण्यात आणि खिडकीलगतची रांग दुपारी मंद करण्यात आहे. ते २३० वरही डाली, म्हणजे दिव्यांना वेगवेगळे हुकूम देणारी डिजिटल कंट्रोल लाइन, लावून जमतं; एका लाइनवर ६४ पत्ते मिळतात.

२३० ची बाजू भक्कम आहे. सुरुवातीचा खर्च कमी, कोणताही वायरमन जोडून देतो आणि सुटे भाग लोहार चाळीत हातोहात मिळतात. माझं मन उडालं ते ड्रायव्हरमुळे. दोन बाय दोनच्या प्रत्येक पॅनेलमागे, टाइलच्या वर, एक ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचं एलईडीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करणारा डबा, पडलेला असतो. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, आणि वरच्या मजल्यावर मे महिन्यात एसी बंद झाला की स्लॅबखाली काय तापतं ते सांगायला नको. पॅनेल आधी लुकलुकतं, मग बटण दाबल्यावर उशिरा लागतं, मग बंद. एलईडी धडधाकट, मेला तो ड्रायव्हर. तो बदलताना लेबलवरचा करंट आणि व्होल्टेजची रेंज दोन्ही जुळवावी लागतात, नाहीतर एकच पॅनेल शेजाऱ्यांपेक्षा वेगळं उजळतं. शिवाय टाइल सरकवली की कीबोर्डवर भुगा, टाइलवर बोटांचे काळे ठसे. म्हणून काम रविवारीच.

पीओईत दिव्याजवळ असतो तो छोटा डीसी नोड, म्हणजे केबलमधली वीज घेऊन एलईडी चालवणारा डबा. तोही कधीतरी जाईल, पण मेन्सचे झटके त्याच्यापर्यंत पोचत नाहीत; सर्ज प्रोटेक्शन आणि यूपीएस स्विचरूममध्ये एकाच जागी बसतात. नोड अडकला तर पोर्ट बंद-चालू करायला शिडी लागत नाही. बसण्याची मांडणी बदलली तरी वायर न हलवता दिव्यांचे गट बदलता येतात, आणि आयटी ऑफिसात हे वारंवार होतं. चालू वायरिंग असलेल्या सोसायटीच्या जिन्यात मात्र हा खटाटोप नको.

पण पीओई घेताना ठेकेदाराला तीन गोष्टी विचाराच. पहिलं, वॅटचा हिशेब. पीओईच्या २०१८ च्या ८०२.३बीटी मानकाप्रमाणे ६० वॅटच्या पोर्टमधून दिव्यापर्यंत ५१ वॅट पोचतात, म्हणजे ३६ वॅटचं पॅनेल आरामात चालतं. घोळ होतो एकूण बजेटमध्ये, म्हणजे स्विच सगळ्या पोर्टना मिळून किती वॅट देऊ शकतो त्यात: पोर्ट २४, पण स्विचचं बजेट ७४० वॅट असेल, तर केबलमधली तूट धरून १८-१९ पॅनेलच चालतील. दुसरं, यूपीएस नसेल तर लाइट गेल्यावर डीजी (डिझेल जनरेटर) लगेच आला तरी स्विच सुरू होईपर्यंत काही मिनिटं मजला अंधारात. स्विचच बिघडला तर पूर्ण हॉल काळोखात जाऊ नये म्हणून शेजारशेजारचे दिवे आलटून पालटून दोन स्विचवर टाका. हे केबल ओढण्याआधीच नकाशावर रंगवून घ्या.

तिसरं म्हणजे केबल. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा, जाड जुड्या बांधू नका, मधल्या केबल तापतात. स्वस्त खोक्यात तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम निघतं. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, त्यामुळे लांबचं पॅनेल धडपणे लागत नाही आणि कनेक्टर तापतो. माल उतरला की एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर सगळी खोकी परत पाठवा.